तुरीत पडलेला डबा

मी समुद्रावर राहून आलोय हे कळलं की लोक कौतुकानं बघतात. आमच्या कामरगावात तर मी जणू चंद्रावर जाऊन आलो. मला मात्र समुद्र म्हटलं की अंगात भरलेला थकवा तेवढा आठवतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी हवामान खात्यात फुगे सोडायच्या कामावर होतो, आणि एका हंगामात खात्यानं मला फुग्यांसकट जहाजावर चढवून दिलं. जमिनीवरून ठिकठिकाणी फुगे सुटतच होते, पण भर समुद्रावर वरच्या हवेत काय चाललंय हे सांगायला तिथं कोण बसलंय? म्हणून आम्ही.

हा फुगा जत्रेतला नव्हे. माणसापेक्षा उंच, पांढऱ्या रबराचा, आत हायड्रोजन, खाली लांब दोरीला बांधलेला पुठ्ठ्याचा डबा. डब्यात हवेचा दाब, गारवा आणि ओल मोजायची साधनं, आणि ते आकडे आम्हाला पाठवणारं छोटं बिनतारी यंत्र. जहाजावर वारा असा सुटलेला असतो की फुगा हातात ठरत नाही, खांबाला आपटून फाटतो. म्हणून कप्तान आधी जहाज वळवायचा आणि वाऱ्याच्या दिशेनं, वाऱ्याच्याच चालीनं हाकायचा. मग डेकवर वारा पडल्यासारखा व्हायचा, आणि तेवढ्या फटीत आम्ही फुगा सोडायचो. तो वर वर जाऊन खोलीएवढा फुगायचा, फुटायचा, डबा कुठंतरी पाण्यात. की लागा दुसऱ्याच्या तयारीला. पोटात अन्न ठरत नव्हतं, हातांना रबराचा वास कायमचा चिकटला होता. आकडे पुढं जायचे. त्यांचं काय झालं हे कोणी कळवलं नाही, आणि पुढं पुढं आम्हीही विचारणं सोडून दिलं.

जहाजावर जाण्याआधी घरी आलो होतो तेव्हा बापानं हे सगळं माझ्याकडून खोदून खोदून काढलं होतं. बाप गावचा कोतवाल. साऱ्या जन्मात त्यानं सरकारी निरोप दारोदार पोचवले, ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. निरोपातला शब्द इकडचा तिकडे झालेला त्याला खपत नसे. कारंज्याच्या ठाण्यात त्यानं वायरलेस पाहिलं होतं. शिपाई इथं बोलतो आणि अकोल्याला साहेब ऐकतो, याचं त्याला भारी अप्रूप.

"म्हणजे त्या डब्यात वायरलेस हाय?" त्यानं विचारलं.

"हो बा."

"अन् तू तिकडं जहाजावर कानाले लावून ऐकते?"

"हो." मी जेवत होतो. भाकरी गार होत होती. याहून जास्त समजावून सांगायचा मला कंटाळा आला.

"मंग ठीक हाय," बाप म्हणाला.

परत आलो तेव्हा हिवाळा संपला होता. एस.टी.तून उतरलो तर टपरीवाल्यानं हाक मारली नाही, मान खाली घालून कपबश्या विसळत राहिला. घरी माय दारातच बसली होती. "गेला तुहा बाप," ती म्हणाली. "थंडीतच गेला. छातीत कफ झाला होता."

मला रडू आलं नाही. इतक्या दिवसांच्या जहाजानं पायाखालची जमीन अजून हलत होती, त्यात हे. मी भिंतीला टेकून बसलो आणि माझा सगळा शीण मायवर निघाला. "तार काहून नाही केली? हापिसानं पोचवली असती मले!"

माय रागावली नाही. तिनं फळीकडं बोट दाखवलं. "सांगतलं ना तुले. त्याच्यातून."

फळीवर आमचाच डबा होता. म्हणजे तसलाच, एका बाजूनं चेपलेला, दोरीचं तोडकं टोक नीट गुंडाळून ठेवलेलं. नागपूरकडून नाहीतर आणखी कुठून सुटलेला, वाऱ्यानं आणून आमच्या तुरीत टाकलेला. अंगावर चिठ्ठी होती, सापडल्यास पोस्टात जमा करावा. एरवी बापानं सरकारी वस्तू घरात रात्रभर ठेवली नसती. पण तो तेव्हा अंथरुणाला खिळला होता, माय सांगत गेली. शेजारी कारंज्याला जाऊन तार करतो म्हणाला, तर बापानं त्याला गप्प केलं. "तार कायले? सरकारी वायरलेस घरात हाय."

मग त्यानं डबा मांडीवर घेतला, मायला बाहेर जायला सांगितलं आणि तो माझ्याशी बोलला. त्यानंतर वाट बघत राहिला. जहाजाले टाइम लागते, असं मायलाच समजावत होता.

त्या डब्याची बॅटरी शेतात पडण्याच्या आधीच संपत आलेली असणार. ती जिवंत असती तरी डबा फक्त आपले आकडे धाडतो, माणसाचं बोलणं त्याच्यात जातच नाही. आणि तो माझ्या जहाजाचा नव्हताच. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं.

"ऐकू आलं ना तुले?" मायनं विचारलं.

मी तिच्याकडं बघितलं. नाही म्हटलं तर बाप शेवटी पुठ्ठ्याशी बोलून गेला. हो म्हटलं तर मी ऐकूनही आलो नाही. मला बापाचा राग आला. निदान तार तरी करायची माणसानं.

"आलं," मी म्हणालो.

"मंग काहून नाही आला?"

"एका माणसापायी जहाज माघारी फिरवत नाहीत, माय." एवढं तरी खरं होतं.

तिनं मान हलवली. "तो बी तेच म्हणे. सरकारी काम हाय, सुटी नसन भेटली." ती माझ्याजवळ सरकून बसली. "काय म्हणे तो? मले तं भाईर काढलं. हा निरोप पोरासाठीच हाय म्हणे."

आता आली का पंचाईत! बाप माझ्याशी उभ्या आयुष्यात कामापलीकडं बोलला नव्हता. शाळेची फी भरली का, विहारात कंदील नेला का, एस.टी. किती वाजता आहे. त्याच्या तोंडचं म्हणून काय सांगावं हे मला खरंच सुचेना.

"म्हणे, मायकडं लक्ष ठेव. अन् तब्येतीले जप."

माय माझ्या तोंडाकडं बघत थांबली होती. "अन्?"

"बस. एवढंच."

"एवढंच?" माय म्हणाली. "दुपार कलेपर्यंत बोलून राह्यला होता तो."