गाणं तेच, बाई दुसरी
शिजवलेल्या हळदीचा वास आला की मला वसमतजवळच्या आमच्या गावातली ती दुपार आठवते, अंगणभर हळकुंडं वाळत पडलेली आणि माझी मोठी बहीण मोबाइल घेऊन नुसत्या येरझाऱ्या घालत असलेली. एका जपानी गॉथिक मेटल बँडवर आम्हा दोघींचा जीव होता. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. बँडचा ड्रमवाला बदलला, गिटारवाला गेला, तेव्हा ताईनं फिकीर केली नव्हती. पण त्या दिवशी गाणारीच बदलली होती, आणि नवी बाई जुनंच गाणं म्हणत होती. ताईनं इअरफोन उपटून ते मोठ्यानं लावलं. हळद पसरता पसरता आई म्हणाली, "बराबर गाऊन राहिली की. पहिली कुठं गेली?" "म्हाईत न्हाई," ताई चिडली, "कुणी इचारत बी न्हाई." तिचं लग्न ठरलं होतं आणि सकाळीच सासरचा निरोप आला होता: नणंदेचं नाव तेच आहे, एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, पोरीचं नाव बदलू. "नावानं काय व्हतंय, लेकरा?" आई म्हणाली. ताई हळकुंडांवरूनच तरातरा निघून गेली. पुढं ती नणंदही लग्न होऊन गेली, सासरी तिचंही नाव बदललं. आता त्या घरात ते नाव कुणाचंच नाही. पण तुझं तुला परत हवं का, असं ताईला अजून कुणी विचारलेलं नाही.