डावा हात खाली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — तिच्या मते गोल्फ म्हणजे उन्हात चालायला जायचं महागडं निमित्त, आणि ते फारसं खोटंही नाही.

शनिवार पेठेतला माणूस गोल्फच्या वाटेला कशाला जाईल? पण सॉफ्टवेअर कंपनीत बढती मिळाली, परदेशी क्लायंट येऊ लागले, ते रविवारी खेळायचे — म्हणून मीही. लांबचे फटके जमले. पण चेंडू होलपासून हातभर अंतरावर आला, पटर नावाच्या आखूड काठीने नुसता ढकलायचा उरला, की माझा उजवा हात थरथरायचा. हातभर अंतर! क्लायंट सौजन्याने दुसरीकडे बघायचे. तेच जास्त लागायचं.

माझी बॅग दत्तोबा वाहायचे. पन्नाशीचे, जुने कॅडी. सोमवारी मैदान सभासदांना बंद असे, तेव्हा कॅडींना खेळू देत. दत्तोबा कुणीतरी टाकून दिलेल्या पटरने खेळायचे. एकदा न राहवून म्हणाले, "साहेब, उजवा हात लई घाई करतोय. डावा खाली घ्या, उजवा वर. उजव्यानं पाहुण्यागत बसायचं, कारभार करायचा नाही." सगळे उजवा खाली धरतात, मला हे उफराटं वाटलं. पण तीन रविवारांत थरथर गेली.

आणि मग ती सकाळ — सांगतो. क्लबच्या समितीचे अध्यक्ष आमच्याबरोबर खेळत होते. नवव्या होलला माझा चेंडू अलगद आत गेला, तसे म्हणाले, "वा! ही पकड कुणी शिकवली हो तुम्हाला?"

दत्तोबा चार पावलांवर होलचा झेंडा हातात धरून उभे होते.

"अमेरिकेत शिकलो," मी म्हणालो. अमेरिकेत मी दीड महिना काढला होता. पटरला बोटही लावलं नव्हतं. मग का म्हणालो? क्लायंट शेजारी होते म्हणून? 'कॅडीने शिकवली' म्हणायला जीभ इतकी जड का व्हावी?

एवढ्यावर थांबलं असतं, तर कदाचित मी विसरूनही गेलो असतो. पण अध्यक्ष पुढे म्हणाले, "नवीन सभासदांना शिकवायला आमच्या कॅडींपैकीच कुणाला तरी नेमावं म्हणतोय. तुमचे दत्तोबा कसे आहेत?"

खरं सांगावं, तर अमेरिका खोटी पडणार. मी म्हणालो, "बॅग उत्तम सांभाळतात."

दत्तोबांनी झेंडा होलमध्ये खोचला. "चला साहेब," म्हणाले. पुढच्या होललाही त्यांनी उतार कुठे आहे ते मला नीट दाखवलं.

नेमणूक दुसऱ्याच कुणाची झाली. खांदा निकामी होईपर्यंत दत्तोबा माझी बॅग वाहत राहिले, मग गावी गेले. तो विषय त्यांनी काढला नाही. मी तर नाहीच.

मी अजून डावा हात खालीच धरतो. गेल्या रविवारी ऑफिसातल्या एका सहकारी बाईंनी सहज विचारलं, "सर, ही ग्रिप कुठे शिकलात?" आसपास क्लायंट नव्हते, अध्यक्ष नव्हते, दत्तोबाही नव्हते.

मी म्हणालो, "अमेरिकेत."