अकराची गोळी

आमच्या बैलानं एस.टी. ओढली होती, हे खरं आहे. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं ओढ्यात गाडी रुतली, आण्णांनी आपला देवणी बैल जुंपला आणि गाडी बाहेर आली. आता बैल एक होता की दोन, मागून गावातली वीसेक माणसं ढकलत होती की नव्हती, हा तपशील मी कधीच सांगत नाही. माझ्या तोंडी त्या गाडीत शंभर माणसं असतात, ड्रायव्हर झोपलेला असतो आणि गाडी वर आल्यावर कंडक्टर खूश होऊन बैलाला अर्धं तिकीट फाडून देतो. माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. लोक बियाण्यापेक्षा ही गोष्ट ऐकायलाच जास्त येतात. म्हणजे, असं मी सांगतो.

पण गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा लागतो. समोरच्यानं मध्ये मध्ये "हं, मग?" म्हणायला पाहिजे, नाहीतर सांगणाऱ्याची गाडी पुढं सरकत नाही. माझा हुंकारा म्हणजे आण्णा, माझे वडील. त्यांचं "हाव, बराबर हाय" आलं की शंभर माणसांच्या त्या गाडीवर सरकारी शिक्का बसायचा. खुद्द बैलाचा मालक साक्ष देतोय म्हटल्यावर बोलणार कोण?

पुढं आण्णांना पार्किन्सन झाला. आधी हात थरथरायला लागला, मग पाय जमिनीला चिकटायला लागले, मग आवाज बसला. ज्यांनी आमच्या शेतातून हाक मारली की देवणीच्या बाजारातली जनावरं माना वळवायची, त्यांचं बोलणं आता खाटेच्या काठापर्यंत पोचेना. शेवटी श्वासावर आलं. गोळीचा अंमल उतरला की छाती आवळायची. "कासऱ्यानं बांधल्यावानी वाटतंय," म्हणायचे. लातूरच्या डॉक्टरांनी हृदय, फुप्फुसं सगळं तपासलं आणि सांगितलं की या आजारात छातीचे स्नायूसुद्धा ताठ होतात. गोळी ठरल्या वेळेला, जेवणाच्या आधी. दम लागलाच तर पुढं वाकायचं, कोपरं मांडीवर टेकवायची आणि ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा.

सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या बायको द्यायची. अकराची माझ्याकडं होती.

मागच्या वर्षी नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला, थोरल्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. पाळणा सजायला वेळ होता, मंडपात बहिणीच्या सासरकडची मंडळी बसलेली. एकजण म्हणाला, "मामा, ती बैलाची होऊन जाऊ द्या!"

अकराला पाच कमी होते. गोळीची डबी माझ्या खिशात. म्हटलं, पाच मिनिटांत बैल बाहेर काढतो.

पण त्या दिवशी बैल निघेचना. ओढ्याची नदी झाली, शंभराचे दीडशे झाले. मंडळी मांड्या थोपटून हसत होती. आण्णा माझ्या शेजारच्या खुर्चीवर. पहिल्यांदा त्यांचा हुंकारा वेळेवर आला, मग उशिरा, मग नुसतीच घरघर. त्यांनी माझ्या गुडघ्यावर दोनदा बोट टेकवलं. गोळी पाहिजे, ही आमची ठरलेली खूण. मी त्यांचा हात थोपटला आणि पुढं चाललो. थोड्या वेळानं परत बोट. मी डोळ्यानंच थांबा म्हटलं. तिसऱ्यांदा बोट टेकलं तेव्हा कंडक्टर तिकीट फाडायच्या बेतात होता, आणि मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, "आण्णा, हुंकारा द्या की! पाहुण्यांना वाटंल मी थापा मारून राहिलो."

लोक हसले. आणि आण्णांनी दिला. उरलासुरला श्वास गोळा करून म्हणाले, "हाव... बराबर... हाय."

त्यानंतर त्यांना श्वास आत घेता येईना. तोंड उघडं, खांदे कानाला लागलेले, डोळे माझ्यावर. बहीण धावत आली. "बापू, काय झालं रे आण्णाला?" कुणी पाणी आणलं, कुणी हुंगायला कांदा फोडला. मी त्यांना पुढं वाकवलं, कोपरं टेकवली. "फुंका आण्णा, हळूहळू फुंका." मग गाडीत घातलं, आम्ही दोघंच असताना गिळता येईल असं झाल्यावर गोळी दिली आणि दवाखान्यात नेलं. तिथं कार्डिओग्राम नीट, ऑक्सिजन नीट. गोळीचा अंमल चढत गेला तशी छाती सुटली.

"गोळी दिली होती ना रे?" बहिणीनं विचारलं.

"म्हंजे काय! अकराच्या ठोक्याला."

बैलाची गोष्ट मी इतकी वर्षं घासतोय, पण ही थाप पहिल्या फटक्यात गुळगुळीत निघाली. बहिणीकडं परतल्यावर जेवणं होईपर्यंत तर माझ्या सांगण्यात मी चार मिनिटांत अख्खं नांदेड ओलांडलं होतं आणि चौकातल्या पोलिसानं मला सलाम ठोकला होता. "पोरगा असावा तर असा," पाहुणे म्हणाले. आण्णा आतल्या खोलीत पडून ऐकत होते. हुंकारा आला नाही. मला बरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी लातूरच्या डॉक्टरांनी आमची गोळ्यांच्या वेळांची वही बघितली. बारशाच्या दिवसापुढं मी स्वच्छ अक्षरात अकरा लिहिलं होतं.

"वेळेवर देऊनही एवढा त्रास झाला म्हणजे डोस पुरत नाही," म्हणाले आणि वाढवला. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले.

आठवड्याभरात त्यांचं अंग आपोआप डोलायला लागलं. मान, खांदे, कंबर, वाऱ्यातल्या ज्वारीसारखं, थांबायचं नाव नाही. भाकरी हातातून निसटायची. श्वासही धक्के खात चालायचा, शब्दाच्या मधेच तुटायचा. मला कारण माहीत होतं: गरज नसताना वाढलेला डोस. रोज म्हणायचो, उद्या सांगू. त्या दिवसांत बैलाची गोष्ट माझ्या तोंडून निघाली नाही असं लिहायचा मोह होतोय, पण दुकानात दोनदा सांगितली. रंगलीसुद्धा.

मग बायको म्हणाली, "उद्या लातूरला जाऊ. अजून थोडी वाढवून दिली तर थांबंल हे." दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन दोघांना लातूरला नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "त्या दिवशी वेळेवरच दिली होती ना?"

सवयीनं माझं तोंड सुटलं. "डॉक्टरसाहेब, त्याचं असं झालं, मंडपात दीडेकशे माणसं..." आणि तिथंच थांबलो. "पाऊण तास उशीर झाला," म्हणालो. "मी गोष्ट सांगत होतो. यांनी तीनदा खुणावलं."

एवढी छोटी गोष्ट मी आयुष्यात सांगितली नव्हती. बायको माझ्याकडं बघेना. डॉक्टरांनी वाढवलेला डोस खोडला. "उशीर झाला तर उशीर लिहीत जा. मी वही बघूनच औषध देतो," इतकंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बायको औषधं आणायला गेली. मी आण्णांना गाडीत बसवलं आणि विचारलं, "तुम्ही तर तिथंच होतात. का न्हाई सांगितलं?"

आता ते दोन-दोन शब्दांवर थांबून श्वास घेतात, तसं शिकवलंय त्यांना. "तू म्हणला... अकराला दिली. मी म्हणलं... हाव."

"आण्णा, असं नका करत जाऊ."

"मग तू... बी नको करू."

डोलणं हळूहळू कमी झालं. छाती अजून कधीमधी आवळते, मग वाकून, फुंकर घालून निभावतो. अकराची गोळी आता बायको देते. मी मागितलीही नाही.

बहीण मात्र अजून नांदेडभर सांगते की आमच्या बापूनं आण्णाचा जीव वाचवला. आण्णा म्हणतात, फोन लावून दे, मीच सांगतो तिला. मी म्हणतो, राहू द्या आण्णा, बोलून दम लागंल तुम्हाला.