आभाळीचा रंग

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांच्या वासासोबत एक जुना जाड कागद हाताला लागतो आणि सत्तरच्या दशकातली साताऱ्यातली बी.एस्सी.ची वनस्पतिशास्त्राची तोंडी परीक्षा आठवते. त्यावर चिकटवलेली आभाळी या रानरोपाची निळी फुलं मी औंधच्या डोंगरावरून आणली होती आणि रोज वर्तमानपत्रं बदलून गादीखाली दाबून वाळवली होती. परीक्षेच्या सकाळी तो कागद माझ्या फायलीतून गेला आणि माझ्या गावाकडच्या ‘हाय-न्हाई’ला वर्षभर हसणाऱ्या वर्गमैत्रिणीच्या फायलीत निघाला. वर लेबल तिच्या नावाचं आणि वळणदार अक्षरात लिहिलेलं आभाळीचं शास्त्रीय नाव, ‘सायनोटिस’. आम्ही शेजारीच उभ्या होतो. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी तिला विचारलं, “फुलाचा रंग कोणता?” वाळलेलं फूल तर तपकिरी पडलेलं. तिनं मला कोपरानं ढोसलं. मी हळूच म्हणाले, “तपकिरीच हाय की.” तिनं तेच ठणकावून सांगितलं. सरांनी चष्मा काढला. “अहो, सायनोटिस म्हणजे ग्रीकमध्ये निळा कान. रंग तुमच्या लेबलावरच आहे. हे फूल तोडलं कुणी?” ती रडायला लागली आणि माझं काळीज निवलं. निकालानंतर तो कागद मी शिपायाकडून मागून घेतला. तिच्या नावाचं लेबल अजून काढलेलं नाही, काढणारही नाही.