अंदाजानं भरलेल्या एक्केचाळीस चिठ्ठ्या

कृष्णराव ढोबळे एकतीस वर्षं एका खासगी रोलिंग मिलमध्ये फिटर होते. काम कमी झालेलं त्यांना चालायचं, कच्चं झालेलं चालायचं नाही. रिटायर झाल्यावर भिलाईजवळच्या जुनवानीतल्या घरात रिकामं बसवेना. तेव्हा भाची नूतन त्यांना स्मृति नगरातल्या आपल्या घरी रविवारच्या खेळाला घेऊन गेली. मोठ्या टेबलावर थर्माकोलचे डोंगर, बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक, फासे आणि टेप. कोणाची तुकडी किती इंच सरकली यावरून दर वेळी भांडण. कृष्णरावांनी टेप हातात घेतली आणि भांडणं थांबली. डावाचा निकाल लिहिलेली चिठ्ठीही त्यांच्याच हातात येऊ लागली.

"मामा म्हणते सव्वासहा, म्हणजे सव्वासहाच," नूतन म्हणायची.

पुढं नूतननं खेळाडूंच्या मानांकनाची वेबसाइट बनवायला घेतली. तगड्याला हरवलं तर गुण जास्त, नवख्याकडून हरलं तर घट मोठी. पण प्रत्येक डावाचे गुण आधीच्या डावांवर उभे. खालची एक वीट वाकडी बसली की वरची भिंत कलणार. म्हणून तीन वर्षांच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या भरणं आलं. कोण खेळलं, कोण जिंकलं, तारीख. अशा सहाशे बारा.

"त्या मी भरतो," कृष्णराव म्हणाले. "तू तुझं कोड पाय."

रोज सकाळी दोन बोटांनी तीस चिठ्ठ्या. भरली की लाल टिक, पुन्हा ताडून पाहिली की निळी. तीन आठवडे हा नेम चालला. शेवटच्या गठ्ठ्यावर कधीतरी कूलरचं पाणी सांडलं होतं. एक्केचाळीस चिठ्ठ्यांवर नावं वाचता येत होती, निकाल धुऊन गेला होता.

खेळाडूंना विचारायचं, कोणालाच आठवत नसेल तर तो डाव सोडून द्यायचा, एवढं सरळ काम होतं. पण नूतनला त्यांनी शनिवारचा शब्द दिला होता आणि 'उशीर झाला' म्हणायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. दोघांत जो एरवी जिंकतो, त्याच्या नावावर त्यांनी जीत टाकली. अर्ध्या तासात एक्केचाळीस. लाल टिक. निळीसुद्धा.

मिलमध्ये त्यांचा हेल्पर देवीदास एकदा बेअरिंगजवळ न जाताच लॉगबुकात तापमान लिहीत होता. बासष्ट, बासष्ट, बासष्ट. कृष्णरावांनी सगळ्या शिफ्टसमोर ते पान मोठ्यानं वाचलं होतं. निळी टिक करताना त्यांना देवीदासची खाली गेलेली मान आठवली. तरी पेन थांबलं नाही.

रविवारी मानांकनाची यादी लागली. नागपूरच्या स्पर्धेला पहिले चौघे जाणार होते, नावं सोमवारी पाठवायची होती. कीर्ती चार गुण कमी पडून पाचवी होती. ती भिलाई-3ला रेल्वेत नोकरीला. तीन वर्षांत तिनं एक रविवार चुकवला नव्हता. सुरुवातीला सगळ्यांकडून हरायची, तरी यायची.

"असं कसं?" ती म्हणाली. "मागच्या मेमध्ये मी अद्वैतले लागोपाठ तीनदा हरवलं. इथं तिन्ही त्याच्याच नावावर."

अद्वैत चौथा होता. "सपनात हरवलं असशीन," तो हसला. "मले तर काही याद नाही बापा."

"चिठ्ठ्या मामानं भरल्या, कीर्ती," नूतन म्हणाली. "दोन-दोनदा ताडून. मामाचं काम चुकत नाही."

कीर्तीनं कृष्णरावांकडे पाहिलं. ते एका डोंगराची उंची मोजत होते. मोजून झाली होती, तरी मोजत होते.

"काकांनी भरलं असन तर मंग माझ्याच ध्यानात नसन," ती म्हणाली.

तिनं शिवी दिली असती तर कृष्णरावांनी सोसली असती. बोलायला एक श्वास पुरे होता. तो त्यांनी घेतला, आणि चहा पिऊन घरी आले.

सोमवारी नावं गेली. मंगळवारी ते नूतनच्या दारात उभे राहिले.

"एक्केचाळीस चिठ्ठ्या मी अंदाजानं भरल्या."

"कावून, मामा? मले सांगाचं ना! दोन दिवस अजून लागले असते, दुसरं काय?"

"मले मालूम होतं ते."

"आन् रविवारी चूप कावून बसले?"

कृष्णरावांनी त्या एक्केचाळीस चिठ्ठ्या तिच्यासमोर ठेवल्या.

नूतननं नागपूरला फोन लावला. गेलेली नावं बदलत नाहीत, असं कळलं. तिनं ते डाव काढून हिशेब पुन्हा चालवला. कीर्ती तिसरी आली, अद्वैत पाचवा.

कीर्तीला कृष्णरावांनी स्वतः फोन केला. सगळं सांगितलं.

"काका, मी आईले सांगून बसली का मलेच भ्रम झाला म्हणून," ती म्हणाली. मग "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला.

"वेबसाइटवर लिहून टाक," त्यांनी नूतनला सांगितलं.

"'काही नोंदी दुरुस्त केल्या' असं टाकते."

"काही नाही. एक्केचाळीस. आन् कोनं भरल्या, ते नाव टाक."

"लोकं हसतीन, मामा."

"टाक."

पुढच्या रविवारी सगळ्यांनी ते वाचलेलं होतं. कोणी हसलं नाही. कीर्ती आली, खेळली, जिंकली आणि चिठ्ठी लिहिली. कृष्णराव तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. चिठ्ठी घ्यायला त्यांचा हात सवयीनं अर्धा पुढं आला. ती टेबलाला वळसा घालून गेली आणि चिठ्ठी तिनं नूतनच्या हातात दिली.