पुन्हा मैदानात उतरताना
आमच्या क्लबचा बल्गेरियन स्ट्रायकर बुटाची नाडी बांधत होता आणि गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा हा त्याचा पहिलाच सामना. मी त्याची फिजिओथेरपिस्ट. शेवटी वाकून नाडी मीच बांधली.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"नाही ना! दुखत असतं तर बसून राहिलो असतो," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

ज्या पायांवर माणूस आजवर जगला, त्यांचीच त्याला अशी धास्ती वाटावी!

सामन्यात चेंडू उंच आला, त्यानं झेप घेतली आणि मी डोळे मिटले. लोक ओरडले. कशासाठी, ते बघायचा धीर होईना.

डोळे उघडले तेव्हा चेंडू गोलपोस्टवरून कुठल्या कुठे गेला होता आणि तो दोन्ही पायांवर उभा राहून हसत होता.