परटीण मावशीची हरकत

“ओला डाग पाहुणा, वाळला की घरजावई,” परटीण मावशी म्हणायची. आठवडाभर लोळवलेला सदरा कुणी आणून टाकला, की हे वाक्य ठरलेलं. गिऱ्हाईक ओशाळायचं आणि मावशी हसत हसत सदरा भिजत घालायची.

वस्तीमागच्या हिरव्या माळावर तिच्या चार दोऱ्या होत्या. म्हातारी माणसं तिथं सकाळी फिरायची, पोरं खेळायची आणि गवताच्या वासात साऱ्या वस्तीचे कपडे वाळायचे. तीस वर्षं असंच चाललं होतं. त्या माळावर सात मजली इमारती येणार, हे तिला कळलं ते रद्दीतून. इस्त्रीचे कपडे ती ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची, त्याच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत सूचना होती. दवाखान्यातला कंपाउंडर आपला गठ्ठा सोडता सोडता थबकला आणि त्यानं ती मोठ्यानं वाचली.

“मावशी, हरकत असली तर अर्ज करायचा म्हणे. मुदतीला चारच दिवस उरलेत.”

मावशीनं वळून माळाकडं पाहिलं. माळ गेला तर दोऱ्या कुठं बांधायच्या? तिच्या एका खोलीत चादरसुद्धा धड उलगडत नव्हती.

ती दारोदार फिरली. “टाका मावशी आमचं नाव,” जो तो म्हणाला. मावशीला लिहिता येत नव्हतं. पण परटाला घर ओळखायला अक्षर कशाला लागतं? कपड्यांवर खूण करायच्या काळ्या शाईनंच तिनं कागद भरले. दोन ठिपके आणि फुली, तीन ठिपके, अर्धा गोल. दीडशेच्या वर घरं झाली.

शेवटच्या दिवशी दुपारी नगरपालिकेच्या कचेरीतल्या कारकुनानं कागद पाहून चष्मा वर सरकवला. “हे काय? मुंग्यांची वरात?”

“घरं आहेत, साहेब. तीन ठिपके म्हणजे नळाजवळचं निळं दार.”

“नाव, पत्ता, सही पाहिजे. शंभर भरल्या तर सुनावणी लागते, नाही तर काम मंजूर. पाचला खिडकी बंद.”

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता.

भर दुपारी घरांना कुलपं. कोण कुठं कामाला जातं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं; पण कुणाच्या कपड्यांना काय लागतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? वंगणाच्या डागामागं ती गॅरेजात गेली, खडूच्या भुकटीमागं शाळेत, पिठामागं बेकरीत. तोंडाला कोरड पडली. चपलेचा अंगठा तुटला, तिथं तिनं टाचणी खुपसली. पण दारात ‘हो’ म्हणणारी माणसं पेन हातात आलं की नजर चुकवायला लागली.

“सही म्हणजे मावशी, उद्या काही अंगाशी आलं तर?” गॅरेजवाला उगाच हात पुसत राहिला.

“लग्नात केलीस की! तेव्हा नाही भ्यालास?”

सगळं गॅरेज खो खो हसलं. त्यानं सही केली, मग बाकीच्यांनीही.

साडेचारला ती दवाखान्याच्या पायरीवर आली तेव्हा चौऱ्याण्णव सह्या झाल्या होत्या. कंपाउंडरनं पेन उघडलं, आतल्या खोलीच्या पडद्याकडं पाहिलं आणि पेन पुन्हा बंद केलं.

“डॉक्टरांनी त्या नव्या इमारतींत घर नोंदवलंय, मावशी,” तो हळूच म्हणाला. “माझी नोकरी आहे ही.”

मावशीनं कागद छातीशी धरले.

“बरं. तुझा पांढरा कोट उद्या पोचवते.”

कचेरी दहा मिनिटांवर होती. ती भराभर निघाली, समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या सदऱ्यावर आपल्या हातची इस्त्री शोधत. एकाला तिनं हाताला धरून थांबवलं. त्यानं मान झटकली आणि निघून गेला. पुढच्यानं सही करायला कागद भिंतीला लावला.

दवाखान्यात आतून डॉक्टरांची घंटी दोनदा वाजली. ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत कंपाउंडर पायरीवरून हलला नाही.